पाच वर्षांत येणारी लस

१८९७ सालच्या १० जानेवारीला वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले होते आदल्या सप्टेंबरात, आणि हाफकिन शहरात पोचले होते ऑक्टोबरात. रोगजंतू हाती घेऊन लस तयार करायला त्यांना जेमतेम तीन महिने लागले. जानेवारी संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणीही सुरू झाली होती.

त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर एका डासाचं जठर सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. तो डास चार दिवसांपूर्वी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चावला होता. अंगावर डास चावून घेण्याबद्दल हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला. जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोलसर पेशी दिसल्या आणि त्या पेशींत काळे कण दिसले. असे कण हिवतापाच्या परजीवीत असतात, हे त्यांना ठाऊक होतं. रोग डासामार्फत पसरतो, याचा धागा त्या दिवशी हाती लागला.

प्लेगची लस त्याच वर्षी हजारो लोकांना टोचली गेली. हिवतापाच्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं केली ती ६ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे रॉस यांच्या त्या डासानंतर १२४ वर्षांनी. मधल्या काळात देवी हा रोग जगातून नाहीसा झाला, पोलिओ जवळपास गेला, आणि कोविडवरची लस तर वर्षभरात आली. हिवतापाला मात्र इतका काळ लागला. त्यातली बरीच वर्षं परजीवीनं खाल्ली, यात शंका नाही. पण सगळी त्यानं खाल्लेली नाहीत.

आधी परजीवीकडे पाहू. प्लेगचा जंतू म्हणजे एक साधा जिवाणू. तो मटणाच्या पाण्यात वाढतो, उष्णतेनं मरतो, आणि मेलेला जंतू टोचला तरी शरीर त्याला ओळखायला शिकतं. हाफकिन यांची लस याच तत्त्वावर होती. हिवतापाचा परजीवी १८८० मध्ये अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात अल्फोन्स लाव्हेरान यांनी एका सैनिकाच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला, पण तो बाटलीत सतत वाढवत ठेवणं पुढं कित्येक वर्षं कोणालाच जमलं नाही. ते जमलं १९७६ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी माणसाच्या तांबड्या पेशींत फाल्सिपेरम जातीचा परजीवी सतत वाढवून दाखवला. हवेतला प्राणवायू कमी करण्यासाठी त्यांनी काचेच्या बंद भांड्यात मेणबत्ती पेटवून ठेवली होती. इतकी साधी युक्ती सापडेपर्यंत लशीसाठी लागणारा कच्चा मालच कोणाकडे नव्हता.

आणि हा परजीवी एका रूपात राहतच नाही. अॅनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून सुतासारखे बारीक स्पोरोझोइट त्वचेत उतरतात. त्यांची संख्या बहुतेक वेळा शंभराच्या आतच असते. अर्ध्या तासाच्या आत ते रक्तावाटे यकृतात पोचून एकेका पेशीत शिरतात. तिथं आठवडाभर कसलाही ताप नाही, कसलंही लक्षण नाही. आत मात्र एका स्पोरोझोइटपासून हजारो मेरोझोइट तयार होतात. ते रक्तात फुटले की प्रत्येक जण काही सेकंदांत एक तांबडी पेशी गाठून आत शिरतो. ४८ तासांनी ती पेशी फुटते, नवे मेरोझोइट बाहेर पडतात, आणि थंडी वाजून ताप भरतो. यातले थोडे परजीवी नर-मादी रूप घेतात आणि पुढच्या डासाची वाट पाहतात. स्पोरोझोइट, यकृतातलं रूप, रक्तातलं रूप आणि डासात जाणारं रूप, या प्रत्येकाच्या अंगावरची प्रथिनं वेगळी. एका रूपाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं दुसऱ्या रूपाला बहुतेक ओळखतही नाहीत. त्यामुळे स्पोरोझोइटविरुद्धच्या लशीला काम करायला अर्धा तासच मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात एक जरी स्पोरोझोइट निसटला तरी आठवड्यानं रोगी तापानं फणफणतो.

रक्तातली लढाई याहून चिवट आहे. तांबड्या पेशीत लपलेला फाल्सिपेरम त्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते आणि पानथरीपर्यंत जात नाही. तिथं गेली असती तर गाळली गेली असती. शरीर या प्रथिनाला ओळखायला लागेपर्यंत परजीवी ते बदलतो. त्याच्याजवळ अशी सुमारे ६० जनुकं आहेत आणि एका वेळी तो एकच वापरतो. २००२ मध्ये त्याचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला, तेव्हा त्यात सुमारे ५३०० जनुकं निघाली. एवढ्या जनुकांतून लशीसाठी नेमकं कोणतं प्रथिन निवडायचं, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

निसर्गानंही या बाबतीत कधी सोपा धडा घालून दिला नाही. गोवर एकदा झाला की आयुष्यभर पुन्हा होत नाही, म्हणून गोवराची लस बनवणाऱ्याला निदान ठाऊक असतं की शरीर हे काम करू शकतं. हिवताप पुन्हापुन्हा होतो. रॉबर्ट कॉख यांना १९००च्या सुमारास न्यू गिनीत दिसलं, की ज्या गावात हिवताप कायम असतो तिथली मुलं आजारी पडतात आणि मोठी माणसं मात्र रक्तात परजीवी असूनही कामं करत असतात. अनेक वर्षं डास चावून घेतल्यावर, आणि त्या काळात वाचलं तर, एक अर्धवट प्रतिकारशक्ती येते. या अर्धवट शक्तीचा ठोस पुरावा १९६१ मध्ये गाम्बियातून आला. सिडनी कोहेन आणि इयन मॅकग्रेगर यांनी तिथल्या प्रौढ माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून हिवतापानं आजारी मुलांना टोचली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं कमी झाले. लशीची कल्पना पोकळ नाही, हे त्या मुलांनी सिद्ध केलं.

भारतातही या वाटेवर एक पाऊल पडलं होतं, आणि ते फारसं कोणाला आठवत नाही. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला नीलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मलिगन, रसेल आणि मोहन या संशोधकांनी कोंबड्यांच्या हिवतापावर काम केलं. निष्प्रभ केलेले स्पोरोझोइट त्यांनी कोंबड्यांना टोचले आणि काही प्रमाणात संरक्षण मिळतं असं दाखवलं. पुढं काही वर्षांतच डीडीटी आलं आणि लशीचा विचार मागं पडला. घराच्या भिंतीवर फवारा मारून डास मरत असताना लशीवर कोण वर्षं घालवणार? भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता. १९६५ पर्यंत हा आकडा एक लाखावर आला. मग डास डीडीटीला आणि परजीवी क्लोरोक्विन या औषधाला दाद देईनासे झाले, यंत्रणा सैल पडली, आणि १९७६ मध्ये रोग्यांची नोंद ६४ लाखांवर गेली. जगभर थोड्याफार फरकानं हेच घडलं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं निर्मूलनाची मोहीम सोडून दिली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झवाइग उंदरांवर काम करत होत्या. त्यांचा जन्म व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातला. नाझींच्या छळापासून पळून हे कुटुंब ब्राझीलला गेलं. रूथ साओ पाउलोत डॉक्टर झाल्या, आणि १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर नवरा व्हिक्टर यांच्यासह अमेरिकेतच राहिल्या. क्ष-किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझोइट उंदरांना टोचले तर पुढं खरे स्पोरोझोइट टोचूनही उंदीर आजारी पडत नाहीत, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. हिवतापाच्या लशीचा आधुनिक इतिहास या शोधनिबंधापासून सुरू होतो. दुबळा केलेला स्पोरोझोइट यकृतापर्यंत जातो, तिथं अडकून पडतो, आणि तेवढ्या वेळात शरीर त्याची ओळख करून घेतं.

माणसावर हे तपासलं डेव्हिड क्लाइड यांनी, १९७३ मध्ये, मेरीलंडमधल्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर. इथं टोचणीच्या सुईचं काम डासांनी केलं. किरण दिलेल्या डासांना शेकडो वेळा चावू दिल्यावर संरक्षण मिळालं. पुढच्या प्रयोगांतून हिशेब निघाला, की खात्रीचं संरक्षण हवं असेल तर हजारभर चावे लागतात. कैद्यांवर अशा चाचण्या करणं आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण हिवतापाला माणूस पूर्णपणे अडवू शकतो हे जगाला ज्यांच्या शरीरांवरून कळलं, त्यांत हे कैदी होते, हेही विसरून चालणार नाही.

हजार डास कोणाला चावून घेता येणार? मग स्पोरोझोइटच्या अंगावरचं कोणतं प्रथिन शरीर ओळखतं, याचा शोध सुरू झाला. नुसेन्झवाइग यांच्या प्रयोगशाळेनं १९८० मध्ये ते प्रथिन पकडलं. स्पोरोझोइटचं सगळं अंग त्यानं वेढलेलं असतं म्हणून त्याला सर्कमस्पोरोझोइट प्रथिन म्हणतात. १९८४ मध्ये फाल्सिपेरमच्या या प्रथिनाचं जनुक वाचलं गेलं. प्रथिनाच्या मधोमध चार अमिनो आम्लांचा तोच तुकडा पुन्हापुन्हा येत होता आणि प्रतिपिंडं त्यालाच धरत होती. लक्ष्य इतकं स्पष्ट दिसल्यावर संशोधनाला पैसा पुरवणारी अमेरिकी मदतसंस्था यूएसएड हिनं जाहीर करून टाकलं, की पाच वर्षांत लस वापरासाठी तयार होईल.

पाच वर्षांपैकी तीन संपली तेव्हा पहिल्या चाचण्यांचे निकाल आले. १९८७ मध्ये सहा स्वयंसेवकांनी लस घेऊन मग हिवतापाचे डास हातावर चावून घेतले. त्यांच्यात स्टीफन हॉफमन हे अमेरिकी नौदलातले डॉक्टर स्वतः होते. लस चालणार, याची त्यांना इतकी खात्री होती, की ते एका परिषदेसाठी विमानानं सॅन दिएगोला गेले. तिथंच त्यांना हुडहुडी भरली. सहापैकी पाच जणांना हिवताप झाला. एकटा वाचला. शुद्ध केलेलं एकच प्रथिन शरीराला पुरेसं जागं करत नाही, हे या चाचणीनं शिकवलं. प्रतिपिंडं तयार होत होती, पण अर्ध्या तासात सगळे स्पोरोझोइट टिपायला लागतात तेवढी नाहीत.

त्याच वर्षी कोलंबियातून वेगळीच बातमी आली. बोगोटाच्या मानुएल एल्किन पाटारोयो यांनी रक्तातल्या रूपाविरुद्ध एसपीएफ-६६ ही कृत्रिम रसायनांतून जोडलेली लस बनवली होती, आणि माकडांवर ती चालली होती. श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळांना जे जमलं नाही ते लॅटिन अमेरिकेतल्या माणसानं केलं, याचा तिथल्या लोकांना अभिमान वाटला, आणि पाटारोयो यांनी लशीचा हक्क जागतिक आरोग्य संघटनेला देऊन टाकल्यावर तर तो आणखी वाढला. कोलंबियातल्या चाचणीत सुमारे ३९ टक्के संरक्षण दिसलं. टांझानियातल्या मुलांत ३१ टक्के. मग गाम्बियातल्या तान्ह्या मुलांत ते ८ टक्क्यांवर आलं, आणि थायलंड-म्यानमार सीमेवरच्या निर्वासित छावणीतल्या मुलांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. पाटारोयो यांच्यावर त्या काळी झालेली टीका पुष्कळ वेळा कडवट होती. पण हिवताप जिथं आहे तिथल्या गावांत, हजारो लोकांवर, काटेकोर चाचण्या करता येतात हे एसपीएफ-६६ मुळेच सिद्ध झालं, आणि त्या चाचण्यांत तयार झालेली आफ्रिकेतली केंद्रं पुढच्या लशीच्या उपयोगी पडली.

ती पुढची लस म्हणजे आरटीएस-एस. स्मिथक्लाइन कंपनीच्या बेल्जियममधल्या प्रयोगशाळेत, अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेबरोबर, १९८७ पासून तिचं काम चाललं होतं. युक्ती अशी, की सर्कमस्पोरोझोइट प्रथिनाचा तुकडा कावीळ-बीच्या लशीतल्या प्रथिनाला जोडायचा. यीस्टमध्ये वाढवलेलं हे जोड-प्रथिन विषाणूसारखा गोल कण तयार करतं आणि शरीर त्याची चटकन दखल घेतं. जोडीला अॅडज्युव्हंट, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं द्रव्य. त्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून येतो. निरनिराळी मिश्रणं करून पाहिल्यावर १९९७ मध्ये एक जमलं. डास चावून घेतलेल्या सात स्वयंसेवकांपैकी सहा जण निरोगी राहिले.

दहा वर्षांत एकावरून सहावर. प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला असेल, पण गाम्बियातल्या शेतांनी लगेच जमिनीवर आणलं. तिथल्या प्रौढ पुरुषांवर घेतलेल्या चाचणीत पहिले नऊ आठवडे ७१ टक्के संरक्षण मिळालं, आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत शून्य. प्रतिपिंडं इतक्या वेगानं ओसरत होती.

इथं पैशाचा प्रश्न उघड झाला. ही लस मुळात सैनिकांसाठी आणि उष्ण देशांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आखलेली होती, कारण तिची किंमत देऊ शकणारे तेवढेच होते. हिवतापानं मरणारी बहुतेक मुलं आफ्रिकेतल्या खेड्यांत होती आणि त्यांच्या देशांच्या आरोग्यखात्यांकडे माणशी काही डॉलर असायचे. अशा गिऱ्हाइकासाठी कोणतीही कंपनी मोठी चाचणी स्वतःच्या खर्चानं करणार नव्हती. १९९९ मध्ये गेट्स यांच्या देणगीतून पाथ या संस्थेत हिवतापाच्या लशीसाठी वेगळा विभाग निघाला, २००१ मध्ये कंपनीशी करार झाला, आणि तेव्हा कुठं मुलांसाठीचं काम सुरू झालं. मोझांबिकमधल्या मानिसा इथं २०२२ मुलांवर घेतलेल्या चाचणीचे निकाल २००४ मध्ये आले. साध्या हिवतापापासून ३० टक्के, गंभीर हिवतापापासून ५८ टक्के संरक्षण.

शेवटची मोठी चाचणी २००९ ते २०१४ या काळात सात देशांतल्या अकरा केंद्रांवर झाली. तिच्यात १५,४५९ मुलं होती. आफ्रिकेत तोवर हिवतापाच्या लशीची एवढी मोठी चाचणी झालेली नव्हती. चार मात्रा घेतलेल्या मुलांत चार वर्षांत ३६ टक्के संरक्षण मिळालं. ज्यांना जन्मानंतर दीड ते तीन महिन्यांतच लस सुरू केली त्या बाळांत आणखी कमी, २६ टक्के. आकडा ऐकून अनेकांची निराशा झाली. पण टक्केवारीनं पूर्ण चित्र दिसत नाही. या भागातल्या मुलाला वर्षातून अनेकदा हिवताप होतो, त्यामुळे चार मात्रा घेतलेल्या हजार मुलांमागे चार वर्षांत १७७४ वेळचे ताप टळले. तेवढ्या वेळा आईची दवाखान्याकडची पायपीट, बुडालेली मजुरी आणि मूल हाताशी राहील की नाही ही भीती टळली. ३६ टक्के म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहायला हवा होता.

चाचणीत काही चिंतेच्या खुणाही दिसल्या. लस घेतलेल्या मुलांत मेंदूज्वर आणि मेंदूचा हिवताप थोडा जास्त आढळला, आणि मुलींच्या मृत्यूंचा आकडाही वाढलेला दिसला. हा योगायोग की लशीचा दोष, हे कळणं आवश्यकच होतं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी जुलै २०१५ मध्ये अनुकूल मत दिलं, तर जागतिक आरोग्य संघटनेनं आधी प्रत्यक्ष लसीकरणातून तपासायला सांगितलं. ते लसीकरण मलावी, घाना आणि केनियात सुरू झालं २०१९ मध्ये. म्हणजे निर्णय घ्यायला, निधी गोळा करायला आणि तयारीला जवळजवळ चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत परजीवीनं कोणतीही नवी अडचण उभी केली नव्हती. तपासणी हवीच होती, पण ती इतकी सावकाश व्हायला नको होती. याच काळात दर वर्षी लाखो मुलं हिवतापानं मरत होती, आणि कोविडच्या वेळी जगानं दाखवलं, की मनात आणलं तर नियंत्रक, कंपन्या आणि सरकारं किती वेगानं हलतात. तीन देशांतल्या लसीकरणात त्या भीतीदायक खुणा पुन्हा दिसल्या नाहीत. उलट, ज्या भागांत लस दिली तिथं लस घ्यायच्या वयातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले.

शिफारस झाली तरी लस पुरेशी नव्हती. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी बारा देशांत मिळून १ कोटी ८० लाख मात्रा वाटायच्या होत्या, आणि मागणी याच्या कितीतरी पट होती. इथं पुण्याचा संबंध येतो. सायरस पूनावाला यांच्या कुटुंबाचं घोड्यांचं स्टड फार्म होतं. तिथले निवृत्त घोडे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला दिले जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंशावरचा सीरम घोड्यांच्या रक्तापासून बनतो. सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ऑक्सफर्डमध्ये एड्रियन हिल यांच्या गटानं बनवलेल्या आर-२१ या लशीचं उत्पादन या कंपनीनं हाती घेतलं. आर-२१ ची रचना आरटीएस-एस सारखीच आहे. फरक असा, की जुन्या लशीच्या कणात कावीळ-बीचं सुटं प्रथिन बरंच जास्त असतं, आणि नव्या लशीच्या कणात प्रत्येक रेणूला हिवतापाचा तुकडा जोडलेला असतो. त्यामुळे २५ मायक्रोग्रॅमऐवजी ५ मायक्रोग्रॅमची मात्रा पुरते आणि लस स्वस्तात बनते.

बुर्किना फासोतल्या नानोरो गावात हालिदू तिंतो यांच्या देखरेखीखाली ४५० मुलांवर तिची चाचणी झाली. अॅडज्युव्हंटची मात्रा जास्त दिलेल्या गटात वर्षभरात ७७ टक्के संरक्षण दिसलं. चार देशांतल्या ४८०० मुलांच्या पुढच्या चाचणीत, पावसाळी हंगामाच्या तोंडावर लस दिली तिथं ७५ टक्के आणि इतरत्र ६८ टक्के. हे आकडे पहिल्या वर्षाचे आहेत, त्यामुळे ते आरटीएस-एसच्या चार वर्षांच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही, जरी बातम्यांत ती सर्रास केली गेली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी आर-२१ ची शिफारस झाली. २ ते ४ डॉलर ही तिच्या एका मात्रेची किंमत, आणि वर्षाला दहा कोटी मात्रा बनवण्याची क्षमता. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना ती पहिल्यांदा नेहमीच्या लसीकरणातून मिळाली. जुन्या लशीचं उत्पादनही आता हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवलं जात आहे. २०२५ च्या अखेरीस आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत यांतली एक किंवा दोन्ही लशी पोचल्या होत्या.

तरीही प्रयोगशाळेतलं काम संपलेलं नाही. दोन्ही लशींतलं प्रथिन ज्या परजीवीच्या वाणावर बेतलं आहे तो वाण फार पूर्वी अॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रोग्याच्या रक्तातून मिळाला होता. आफ्रिकेतल्या गावोगावचे परजीवी त्याच्याशी हुबेहूब जुळत नाहीत, आणि आरटीएस-एसच्या चाचणीतले नमुने तपासल्यावर दिसलं, की जुळणाऱ्या वाणांपासून ५० टक्के संरक्षण मिळतं आणि न जुळणाऱ्यांपासून ३३ टक्के. मालीत रक्तातल्या रूपाविरुद्धची एक लस तपासली तेव्हा हा फरक आणखी ठळक निघाला. जुळणाऱ्या वाणाविरुद्ध ती ६४ टक्के चालली आणि एकूण हिशेबात जवळजवळ निष्फळ ठरली. म्हणून आता परजीवी सहसा बदलत नाही अशा प्रथिनांवर भर आहे. आरएच-५ हे त्यांतलं एक. तांबड्या पेशीत शिरायला परजीवीला ते लागतंच. नानोरोतल्या मुलांत या लशीनं सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिलं, आणि ती आर-२१ बरोबर देऊन पाहण्याच्या चाचण्या चालू आहेत.

व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीची लस तर अजून दूर आहे. हा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहून पुन्हा उठतो, आणि तो कोवळ्या तांबड्या पेशीच पसंत करत असल्यानं प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही. भारताला याची झळ थेट लागते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचा जोर आहे, तर मुंबईच्या बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यातून पसरणारा हिवताप बहुतांशी व्हायवॅक्सचा असतो, आणि पुण्यात बनणारी लस त्यावर चालत नाही. दिल्लीच्या आयसीजीईबी संस्थेत चेतन चिटणीस यांच्या गटानं व्हायवॅक्सच्या एका प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं. त्यापासून बनवलेली लस ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना दिली तेव्हा रक्तातल्या परजीवीची वाढ निम्म्यानं मंदावली. माणसाला व्हायवॅक्सपासून वाचवण्याच्या दिशेनं हे मोठं पाऊल आहे.

हातात असलेल्या लशींचा प्रश्न मात्र आता पाड्यापाड्यातला आहे. पहिल्या तीन मात्रा पाचव्या महिन्यापासून महिन्याच्या अंतरानं द्यायच्या, आणि चौथी त्यानंतर साधारण वर्षानं. तोवर मूल चालायला लागलेलं असतं, आई दुसऱ्या बाळंतपणात किंवा शेतात असते, आणि दवाखाना कोसभर दूर. तीन देशांतल्या लसीकरणात चौथ्या मात्रेलाच सर्वाधिक मुलं गळाली. प्रतिपिंडं ओसरतात त्या वयात हीच मात्रा संरक्षण टिकवते, त्यामुळे ती चुकली तर आधीच्या तीन मात्रांचा बराच फायदा वाया जातो. त्यासाठी घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका हव्यात आणि त्यांचे पगार वेळेवर व्हायला हवेत.

२०२३ मध्ये हिवतापानं जगात ५ लाख ९७ हजार माणसं मेली. त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि आफ्रिकेतल्या दर चार मृतांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं होती. गरीब देशांसाठी लस विकत घेणाऱ्या गावी या संस्थेनं २०२६ ते २०३० या काळासाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले होते. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीत ९ अब्जांहून थोडे अधिक जमले, आणि अमेरिकेनं आपला वाटा देणार नसल्याचं सांगितलं. दुसऱ्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला यूएसएडचं काम अधिकृतपणे थांबलं. आर-२१ च्या चारही मात्रांचा एका मुलामागचा खर्च आज १६ डॉलरच्या आत येतो. पुढच्या पाच वर्षांत तो किती मुलांसाठी निघेल हे आता जमलेल्या रकमेवर अवलंबून आहे, आणि २०३० नंतर तो कोण उचलणार हे अजून ठरलेलं नाही.